ताईच्या तीनचाकीसाठी घडीची ट्रॉली

माझ्या जीपला मागे टाकून माझी ताई पुढे निघून गेली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती तिच्या तीनचाकीवर बसली होती, तीनचाकी ट्रॉलीवर बांधलेली होती आणि ट्रॉली कशालाच जोडलेली नव्हती.

ताई माझ्याहून बरीच मोठी. लहानपणीच पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. घरात ती कुबड्यांवर फिरायची. बाहेर जायला तिने एक जुनी मोटरसायकल घेतली, मागचं एक चाक काढून तिथे दोन चाकं बसवून घेतली, गिअर आणि ब्रेक हाताशी आणले. तिच्यावर बसून ती फुलचूरहून कामठ्यापर्यंत एकटी जायची, बायकांना शिवणकाम शिकवायची आणि दिवेलागणीच्या आत परत यायची.

पुढे गावोगाव बचत गट निघाले आणि आमगावच्या पलीकडूनही तिला बोलावणी येऊ लागली. एवढ्या लांब तीनचाकी नेली की इंजिन तापायचं आणि ताईची पाठ भरून यायची. मी त्याच बाजूच्या आठवडी बाजारांना जीपमधून कापड घेऊन जायचो. तिला सोबत नेणं काही अवघड नव्हतं. मी तिला उचलायचो, पुढच्या सीटवर बसवायचो, झालं. पण तिथे पोचल्यावर तिने फिरायचं कसं? एक गट या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, दुसरा त्या टोलीवर. म्हणून ठरलं की जीपच्या मागे ट्रॉली लावायची आणि तीनचाकी बरोबर न्यायची. आमच्या भाड्याच्या घराला अंगण एवढंसं, तेव्हा ट्रॉली घडी होणारी हवी.

गोंदियाच्या बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक कारखानदार होता. त्याच्याकडे तशा दोन तयार होत्या. एक हलकी. खीळ ओढली की पुढचा दांडा आत वळायचा, मधल्या बिजागऱ्यांवर फळ्या मिटायच्या आणि पुढच्या लहान चाकावर ढकलत नेऊन ती भिंतीशी उभी करता यायची. दुसरी जाडजूड. तिच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी साखळ्या होत्या आणि घडी घालताना चांगलाच जोर लागायचा.

"ये ले जाओ भैया," कारखानदार गालातला सुपारी-तंबाखूचा खर्रा सांभाळत हलकीकडे हात करून म्हणाला. "अकेला आदमी खोल लेगा, अकेला बंद कर लेगा."

मला ती पाहताक्षणी आवडली. मी चारदा उघडून मिटून पाहिली. ताई तीनचाकीवर बसूनच सगळं पाहत होती. तिने एकच विचारलं, "यावर माणूस बसला तं चालते का?"

"दीदी, ये गाडी के लिए है, सवारी के लिए नहीं."

"अन् गाडीवर बसलेला माणूस?"

तो हसला. मीही हसलो. ताई गंमत करते आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं. आम्ही हलकी ट्रॉली घेऊन घरी आलो.

पहिल्यांदा निघालो तेव्हा धानाची रोवणी चालू होती आणि पाऊस थोडा उघडला होता. उतरत्या फळ्यांवरून ताईने तीनचाकी झोकात वर चढवली. मी चाकं पट्ट्यांनी आवळली आणि तिला घ्यायला हात पुढे केले.

"मी इथंच बसते," ती म्हणाली.

"काऊन?"

"बसते म्हटलं ना. हळू चालव."

आई दारातून ओरडली, मी समजावलं, मग रागावलो. ताईने हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि समोर पाहत राहिली. तिची बोटं सोडवून तिला खाली उतरवणं माझ्याने झालं नसतं. शेवटी ती म्हणाली, "पूल उतरला की जीपमध्ये येते. तवरी राहू दे." मी बैलगाडीच्या चालीने निघालो. दर दोन क्षणांनी आरशात पाहत होतो. ती ताठ बसली होती, पदर कमरेला खोचलेला. रस्त्यावरची माणसं वळून पाहत होती आणि ती चक्क हसत होती.

रेल्वेवरचा पूल चढलो. उताराला लागलो तेव्हा समोर एक म्हैस आडवी आली आणि मी ब्रेक दाबला. मागे खट्ट असा आवाज झाला. आरशात पाहिलं तर मागे नुसता रस्ता. मला काही कळायच्या आत उजव्या खिडकीतून ताई दिसली. ती माझ्या बरोबरीने येत होती. मग पुढे गेली. पुढच्या लहान चाकावर घरंगळत, जीपच्या हुकातून सुटलेला दांडा दुमडलेला, सगळी ट्रॉली तिला घेऊन उतरत होती. तिने हँडल वळवलं, ब्रेक दाबले. त्याचा काय उपयोग? तिची चाकं तर फळ्यांवर बांधलेली होती. समोरून काही येत नव्हतं, एवढंच नशीब. उताराच्या शेवटी ट्रॉली रस्ता सोडून खाली गेली आणि धानाच्या बांधीतल्या चिखलात जाऊन रुतली. तीनचाकी जागेवरच राहिली. ताई फेकली गेली.

जीप तशीच सोडून मी धावलो. रोवणीच्या बायाही हातातली रोपं टाकून धावत आल्या. ताई चिखलात बसलेली, केसांपासून पायांपर्यंत माखलेली, चष्मा गेलेला. ती जिवंत होती. मी खाली वाकलो आणि तिच्या काखेत हात घातले.

"हात लावू नको!"

ती इतक्या जोराने ओरडली की बायाही जागीच थांबल्या. ताईचा तसा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"कोणीच उचलू नका मले. मी येते."

आणि ती आली. एका हाताने पुढचा चिखल धरायचा, अंग ओढायचं, थांबायचं, पुन्हा धरायचं. दुसरा हात तिने पोटाशी घेतला होता. आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. एक म्हातारी रडू लागली. दुसरी माझ्यावर खेकसली, "अरे, कसा भाऊ आहेस रे तू? उचल ना तिले!" मी नाही उचललं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ती शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत आली, गवतावर आडवी झाली आणि मगच म्हणाली, "आता दवाखान्यात ने."

दवाखान्यात कळलं, तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मोडलेल्या हाडाने ती तेवढ्या चिखलातून अंग ओढत आली होती. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले आणि मी भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या तीच बोलली. "लहानपणापासून मले सगळे उचलूनच राह्यले. बाबा उचलत, मामा उचलत, आता तू. बसस्टँडवर तं कोणीबी उचलते. तू चांगलंच उचलते, दुखू देत नाही. पण पोतं उचलल्यावानीच ना रे? त्या ट्रॉलीवर मी माझी मी चढली होती."

खीळ निसटल्याचं, साखळ्या नसल्याचं मी रात्रभर घोकत होतो. तिच्या तोंडून ते एकदाही निघालं नाही. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

हाड जुळल्यावर आम्ही पुन्हा त्या कारखानदाराकडे गेलो. ऐकून त्याचा खर्रा चघळणं थांबलं. त्याने हलकी ट्रॉली परत घेतली. या वेळी मी बाजूला उभा राहिलो. ताईने जाडजूड ट्रॉलीच्या साखळ्या ओढून पाहिल्या, खिळीला आडवी क्लिप बसवायला लावली, घडीसाठी लांब दांड्याची तरफ जोडून घेतली आणि ती बसल्या जागेवरून दाबून पाहिली. फळ्या मिटल्या. मग तिने जीपकडे बोट दाखवलं.

"या दाराखाली घडीची पायरी पाहिजे. अन् वर धरायले पाइप."

"दीदी, जीप में ऐसा कोई नहीं लगाता."

"तुमी लावा."

त्याने लावलं. पहिल्या दिवशी तिला चढायला फार वेळ लागला. मागे एक ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला, आई पदर तोंडाला लावून अंगणात उभी राहिली आणि मी जीपच्या पलीकडे जाऊन टायरची हवा पाहत बसलो. पायरीवर बूड, मग पाइपला हात, मग सीट. मागे तीनचाकी साखळ्यांसकट बांधलेली होती. तिने कुबड्या आत ओढून घेतल्या, दार लावलं आणि घाम पुसला.

"चाल," ती म्हणाली, "बाया वाट पाहून राह्यल्या असतील."