निरोपाचं ‘येते’

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुलीजवळ नाही, बायकोजवळ तर नाहीच. खरं तर तिलाच सांगायला हवं होतं, पण आता ती नाही. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही माझ्या घरातले नाही म्हणून असेल. अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. या वयात एखादी गोष्ट सतत झाकून धरायची म्हणजे हात भरून येतात.

तसं पाहिलं तर गोष्ट एका शब्दाची आहे. इतकीच असती तर बरं झालं असतं.

माझी नात इरा स्पेनमध्ये शिकते, वायादोलिद नावाच्या शहरात. जन्मली, वाढली ती इथे कोलकात्यात. मी केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन नागपूरहून आलो आणि बालीगंजच्या या फ्लॅटमध्ये राहिलो तो राहिलोच. मुलगी आणि जावई न्यू टाउनला असतात. इराचं शाळा-कॉलेज, मैत्रिणी, भांडणं, सगळं बंगाली, हिंदी आणि इंग्रजीत. मराठी फक्त आमच्याशी, तीही मोडकीतोडकी. ‘माझा खोली’, ‘मोठी घर’. मी तिला दर वाक्याला अडवायचो. सुमन, माझी बायको, म्हणायची, “अहो, पोरीला आधी बोलू तर द्या.” मी देत नसे. माझं व्याकरण पक्कं होतं ना.

तिला तिकडे पाठवायचं हा हट्ट माझा. मुलीचा साफ विरोध होता. इरा एकटी राहणारी नाही, महिन्याभरात रडत परत येईल, असं ती म्हणाली होती. मी म्हटलं, नाही येणार, जबाबदारी माझी. आणि तेवढ्यावर थांबलो का? आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात तिचा सत्कार मीच घडवून आणला. अध्यक्षांनी शहराचं नाव चुकीचं उच्चारलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून ते दुरुस्त केलं. लोक हसले. मला ते आवडलं होतं.

दर रविवारी संध्याकाळी साडेसातला तिचा फोन यायचा. तिथे तेव्हा दुपारचे तीन, त्या लोकांची जेवायची वेळ. सुमनला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून फोन माझ्या कानाला आणि मी एकेक वाक्य तिला पोचवणार, असा आमचा रिवाज पडला. दुपारी दुकानं बंद होतात. धुकं आठ-आठ दिवस हटत नाही. घर तापवायचं यंत्र ठरलेल्या वेळीच चालतं, त्यामुळे धुतलेले मोजे तिसऱ्या दिवशीही ओले. फ्लॅटमध्ये आणखी तिघी मुली आहेत आणि त्या इतक्या भराभर बोलतात की इराला निम्मं कळत नाही. सगळ्या हसल्या की तीही हसते, जरा उशिरा. हे ती गंमत म्हणून सांगायची. मीही सुमनला गंमत म्हणूनच सांगायचो.

पण मला कळत नव्हतं का? त्या तिघी स्वयंपाकघरात एकत्र जेवायला बसायच्या, नेमक्या त्याच वेळी ही आपल्या खोलीत दार लावून आम्हाला फोन करते — दर रविवारी — हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

इकडे दुर्गापूजेनंतर सुमनचं हृदय खचत चाललं होतं. डॉक्टरांनी मुलीला आणि मला बाजूला घेऊन सगळं स्पष्ट सांगितलं होतं. इराची परीक्षा जवळ आली होती. आजीला जरा थकवा आहे, एवढंच आम्ही तिला कळवलं.

जानेवारीतला एक रविवार. इरा नेहमीसारखी बोलत होती आणि मध्येच थांबली. मग म्हणाली, “आबा, मी येते.”

आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. बंगालीतही तसंच, निघताना ‘आशी’ म्हणतात. त्यामुळे इराला ते दोन्हीकडून माहीत. पण निरोपाचं ‘येते’ म्हणणारा माणूस पुढे फोन ठेवतो. तिने ठेवला नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिच्या दाराबाहेर कुणाच्या तरी ताटवाट्या वाजल्या. ती थांबली होती. मी काय म्हणतो याची वाट पाहत होती.

मला पहिल्या क्षणालाच कळलं. हे मला अगदी नीट सांगायचं आहे — मला कळलं. ती घरी यायचं म्हणत होती. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? मुलीचा चेहरा. मंडळातल्या त्या खुर्च्या. शेजारी पडून असलेली सुमन नाही आली.

मी म्हणालो, “बरं बरं. पुढच्या रविवारी बोलू.” आणि मीच फोन बंद केला.

सुमनने विचारलं, “काय म्हणाली?”

“येते म्हणाली.”

सुमन उशीवरून उठून बसली. कुणाचा हात न धरता तिला तसं उठलेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, “कधी?”

एवढंच. कधी. जिला फोन ऐकूही येत नव्हता, तिने तो शब्द बरोबर ऐकला.

मी म्हणालो, “अगं, निरोपाचं ‘येते’.”

“हो का,” ती म्हणाली. पुन्हा आडवी झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “मला आपलं वाटलं.”

पुढच्या रविवारी इराने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. फोन माझ्या हातात होता, नंबर माझ्याकडे होता, मधले सात दिवस माझे होते. फेब्रुवारीत सुमन गेली. इरा तिसऱ्या दिवशी पोचली.

इथवरच असतं तर याला मी भ्याडपणा म्हणालो असतो. पुढचं वेगळं आहे.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. इरा सुमनच्या पलंगावर बसून तिच्या साड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, “आबा, मी तेव्हा येते म्हणाले होते ना, मला खरंच यायचं होतं. आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, मी म्हटलंच होतं. म्हणून तुम्हाला सांगितलं.” मग विचारलं, “मी चुकीचं बोलले का? तुम्हाला कळलं नाही ना?”

तुम्ही काय केलं असतं, ते मी विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. मी तिला व्याकरण शिकवलं. म्हणालो, नुसतं ‘येते’ म्हटलं की निरोप होतो, बाळा. अशा वेळी ‘मला घरी यायचं आहे’ असं म्हणावं.

तिने मान हलवली. हातातली साडी मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलीसारखं म्हणून दाखवलं, “मला घरी यायचं आहे.” आणि विचारलं, “बरोबर?”

मी म्हणालो, “बरोबर.”

ती परत गेली. तिचं दुसरं वर्ष चालू आहे. आता ती त्या तिघींबरोबर जेवते, त्यांच्याबरोबर वेळेवर हसते. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही, ते तिचं तिने मिळवलेलं आहे. तिकडे बसून तिने मराठीही सुधारली. आजीच्या वेळी मराठी कमी पडली, असं तिने आईला सांगितलं. ते मुलीने मला सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. आता ‘माझी खोली’, ‘मोठं घर’. दुरुस्त करायला मला काही उरलेलं नाही.

फोन अजून रविवारी साडेसातलाच येतो. पोचवायला शेजारी कुणी नाही, तरी मी पलंगाच्या त्याच बाजूला बसतो. बोलणं संपलं की ती ‘येते’ म्हणत नाही. त्या दिवसापासून कधीच म्हणालेली नाही.

“ठेवते, आबा,” म्हणते.

मी म्हणतो, “ठेव.”