आवाजावर लागणारे दिवे

रिसोडच्या बाजारात एक म्हातारा मिस्त्री आवाजावर लुकलुकणाऱ्या जुन्या दिव्यांच्या पेट्या दुरुस्त करायचा. तार जोडताना जीभ दातांत धरायचा.

माझे मालक लग्नांत लावायचे ती पेटी ते वारल्यापासून बंद होती. मला ते दिवे पुन्हा पाहायचे होते. मिस्त्रीने पेटी जोडून टाळी वाजवली. दिवे लागले.

"आता तू बोल, माय. पेटी ज्या घरी जाते, तिथल्या आवाजावर बसवा लागते."

मी पदर तोंडाला लावला.

"काहून लाजतं? दिवा कोनाले सांगत नाई."

मालकांचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. ते हळूच घेतलं. दिवे लागले नाहीत.

त्याने मान खाली घालून बटण जरा फिरवलं. "आता घे."

मी घेतलं. लाल दिवा लागला. मग मी घेतच राहिले.