पानावरचा आडवा हात

लग्नाच्या पंगतीत समोर, अगदी टोकाला बसलेल्या मुलीनं जिलबी येताच पानावर हात आडवा धरला. "नको काकू. माझ्या आतड्यांना कायमची सूज असते," ती हळूच म्हणाली. वाढणाऱ्या काकू हसल्या. "अगं, एकीनं काय होतंय? वर ओवा चाव." आणि बोटांच्या फटीतून जिलबी पानात पडलीच.

पाय प्लास्टरमध्ये दिसला की आपण चटकन खुर्ची पुढे करतो. वर्षानुवर्षं आत चाललेलं हे दुखणं मात्र दिसत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला आपला नुसता आग्रह येतो.

पाक ओघळत दहीभाताकडे आला. तिनं भात बाजूला सारला. पंख्याखालच्या जागा रिकाम्या असताना ती संडासाच्या दाराशी का बसली होती, ते मला तेव्हा कळलं.