तिसरी पिन

गायकवाडसर गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सुजाताताईंनी, फोनवर सांगितलं. "दुपारी जेवले, आडवे झाले आणि झोपेतच..." रडू आलं आणि, खोटं कशाला बोलू, छातीही फुगली. आयुष्यभर विजेच्या कामात घालवलेला माणूस ब्याऐंशीव्या वर्षी झोपेत जातो, ही काय साधी गोष्ट झाली?

उल्हासनगरात माझं चार्जर-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मी हौसेनं घेतला, पण तो दुरुस्तीच्या वस्तूतल्या चालू सर्किट बोर्डाला लावला की फ्यूज उडायचा. त्यावर आमच्या गल्लीचा जालीम उपाय होता: स्कोपच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन पकडीनं मोडून टाकायची. फ्यूज उडणं बंद! अंबरनाथहून चार्जर घेऊन आलेल्या गायकवाडसरांनी ते पाहिलं आणि त्यांचा चार्जर राहिला बाजूला. त्यांनी टेस्ट लॅम्पची एक वायर बोर्डाला जोडलेल्या स्कोपच्या पत्र्याला लावली, दुसरी अर्थिंगला. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे पत्र्यातच करंट!

"याच खोक्यावर कोपर टेकून बसतोस ना?"

"सर, सगळे असंच करतात. धंद्यात चलता है."

"कारखान्यातला माझा जोडीदारही हेच म्हणायचा. माझ्यासमोर करंटला चिकटून गेला तो. त्या दिवशी ठरवलं, मी शिकवलेला एकही पोरगा असा जाणार नाही. रविवारी घरी ये."

शिवमंदिराजवळच्या त्यांच्या घरी दर रविवारी वर्ग भरायचा. धडा आमच्या उलट: स्कोपची पिन शाबूत ठेवायची आणि दुरुस्तीची वस्तू आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे घरच्या लाइनपासून वेगळी करून, चालवायची. तरीही मोजताना एक हात खिशात, म्हणजे करंट या हातातून त्या हातात, छातीतून जाणार नाही. आम्ही खिदळायचो. "हसा लेको, पण जिवंत राहून हसा!" सर म्हणायचे.

परवा विहारात शोकसभा झाली. सुजाताताईंनी वर्गाची जुनी वही उघडली आणि भाषणाऐवजी चक्क हजेरी घ्यायला सुरुवात केली. कोणी बदलापूरहून आलेला, कोणी पार पुण्याहून. टक्कल पडलेले, आजोबा झालेले लोक पोरांसारखे "हजर!" म्हणून ओरडत होते. एका नावाला मात्र उत्तर आलं नाही.

"दिनेश पवार?" ताईंनी पुन्हा विचारलं.

तोही सरांच्या त्या जोडीदारासारखा गेला की काय, म्हणून मी मान वळवून मागच्या रांगा धुंडाळू लागलो.

"हजर, ताई, हजर!" दारातून धापा टाकत आवाज आला. "शहाडला रिक्षाच मिळेना!"

शोकसभा आहे हे विसरून आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. ताईंनी डोळे पुसले, वही मिटली आणि सरांच्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "बाबा, सगळे आलेत."