लाकूड तुमचं, रान आमचं

जेसीबीवाल्यानं भाव सांगितला तेव्हा मी फोन कानापासून काढून त्याच्याकडे रागानं पाहिलं. जशी काही चूक फोनचीच होती.

"साहेब, येडी बाभळ हाय ती," तो आतून म्हणत होता. "बुडातून काढायची म्हणल्यावर दिवस जाईल."

रान बायकोचं, ताडकळसच्या शिवारात, तिच्या वडिलांकडून वाट्याला आलेलं. सासरे गेल्यापासून ते पडीक होतं. "मी बघतो," असं मी म्हणालो होतो आणि बघतही होतो. येता-जाता, रस्त्यावरून, मोटरसायकल न थांबवता. तेवढ्यात येडी बाभळ माणसापेक्षा उंच झाली.

दिवाळीत बायकोनं जाहीर केलं, "यंदाची वेळ अमावस्या माझ्या रानात. भाऊ, भावजया, सगळ्यांना सांगितलंय."

वेळ अमावस्येला आमच्या भागात आंबील, भज्जी, उंडे घेऊन घरचं दार ओढून सगळे शेतात जातात. शेतात पाच दगड मांडलेले असतात. ते पांडव. त्यांना चुना लावायचा, वर कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपटं करायचं, पूजा करायची आणि मग जेवायचं. तिच्या रानातले पाच दगड सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, स्वतः मांडलेले. लहानपणी चुना लावायचा मान तिचा. आता ते काट्यांत कुठंतरी होते आणि तिला तेच हवे होते, दुसरे नकोत.

"जेसीबीच्या फावड्यात आबांचे दगड गेले तर?" मी म्हणालो. बायकोचे डोळे भरून आले. माझे जेसीबीच्या भावानं आधीच भरले होते.

मी शोधलेला मार्ग फुकटातला होता. कोळशासाठी लाकूड तोडणाऱ्या टोळीच्या मुकादमाशी बोली केली : लाकूड तुमचं, रान आमचं. तो एवढ्या आनंदानं हो म्हणाला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. "तुमी येऊ बी नका साहेब, कशाला तरास?" मी गेलो नाही. एवढी आज्ञा मी बायकोचीही कधी पाळलेली नाही.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी चुन्याची पुडी घेऊन गेलो. खोडं गेली होती. फांद्या सगळ्या जागेवर! रानभर छातीइतका काट्यांचा ढीग. आधी निदान वाकून आत तरी जाता येत होतं.

मुकादमाला फोन लावला. "लाकूड आमचं म्हणलाव न्हवं?" तो शांतपणे म्हणाला. "आमी लाकूड नेलं. काटे तुमचेच की."

कोयता घेऊन घुसलो. दहा मिनिटांत एक काटा चपलेतून आरपार तळव्यात गेला आणि मला अक्कल सुचली. म्हणजे तेव्हा ती अक्कलच वाटली. लंगडत ओढ्यावर गेलो, पाच बरे दगड आणले, रानाच्या कडेला, धुऱ्यावरच्या लिंबाखाली मांडले आणि चुना फासला. पांडवांची शपथ, ओळखू आले नसते.

शेजारच्या रानात मेंढरं बसवायला एक धनगर कुटुंब उतरलं होतं. त्यातली म्हातारी माझ्याकडे बघत उभी.

"मामा, काय करायलाव?"

"पूजेची तयारी."

"आन् ह्या काट्याचं?"

"तेच कळेना, मावशी."

"मग आमी नेऊ का? वाडग्याला काटा लागतोय. कुत्री लय झालीत, कोकरं न्यायलीत."

मी तिच्या पाया पडायचंच बाकी होतं. आख्खं घर दोर घेऊन आलं. फांद्यांचे भारे बांधून ओढत नेले, मेंढरांभोवती काट्याचं कुंपण उभं राहिलं आणि दिवस मावळायच्या आत आमचं रान उघडं पडलं. मी आनंदानं घरी आलो, पाय शेकत बसलो आणि धुऱ्यावरचं माझं कर्तृत्व साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी बायको रानात उतरली ती कुणाला न विचारता सरळ मधोमध गेली. एका बुडख्याशी बसली, हातानं पालापाचोळा बाजूला केला. पाच दगड. जुन्या चुन्याचे पापुद्रे अजून अंगावर. ती त्यांच्यावरून हात फिरवत राहिली. मी सुटकेचा श्वास घेतला आणि तो अर्धा आत असतानाच धुऱ्यावरून मेव्हणा ओरडला,

"अक्का, पांडव हितं हायत! चुना बी लावलाय!"

बायकोनं तिकडं पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. नखांत चुना होता.

"अहो, हे कोण?"

"पाव्हणे असतील," मी म्हणालो.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "कौरव आणायचे तर शंभर लागतेत. पाचावरच दमलाव?"

बायको आधी हसू दाबत होती. मग दाबलं गेलं नाही. डोळ्याला पदर लावून हसली आणि उरलेला चुना माझ्या हातातून घेऊन आबांच्या दगडांना एकेक करून लावू लागली. माझा पाय ठणकत होता, पण इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

म्हातारीलाही जेवायला बोलावलं. ती चरवीभर दूध घेऊन आली, म्हणून चहा ठरला. चुलीला दगड हवे होते. माझे तीन पांडव चुलीला लागले, धुरानं काळे झाले. राहिलेल्या दोघांवर मेव्हणे बसून आंबील पीत होते.