आईला काढ

भूकंपाच्या पुढच्या वर्षी माझी बदली औशाच्या पुढे एका पत्र्याच्या शाळेत झाली. मी अहमदपूरची, तेवीस वर्षांची, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. लातूर जिल्हा होऊन दहाएक वर्षं उलटली होती, पण आमचे वडील पत्ता सांगताना अजून उस्मानाबादच म्हणायचे. भूकंपानंतर मात्र लातूर त्यांच्या तोंडी बसलं.

जाण्याआधी आम्हा शिक्षकांचं जिल्ह्याच्या गावी तीन दिवसांचं शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, भेदरलेल्या मुलांना बोलतं करायचं तर आधी चित्रं काढू द्या. घाई करू नका, 'सगळं ठीक होईल' म्हणू नका, ऐकून घ्या. मी सगळं वहीत उतरवलं. तीन दिवसांत मला हे काम येतंय असं वाटायला लागलं, आणि त्या वाटण्याचा मला आजही राग येतो.

दहा वाजले की शाळेचा पत्रा तापायचा, मग आम्ही बाहेर लिंबाखाली बसायचो. त्या साली पावसानं दगा दिला होता. टँकर आला की निम्मा वर्ग घागरी घेऊन पळायचा. मुलं चित्रं काढायची ती टँकरची आणि हेलिकॉप्टरची. डॉक्टरबाई बघायला आल्या तेव्हा एका काळ्याकुट्ट हेलिकॉप्टरकडे बराच वेळ गंभीरपणे बघत राहिल्या. "काळाच खडू उरला हाय," चित्रकारानं खुलासा केला.

एक मुलगी मात्र काहीच काढायची नाही. नऊ वर्षांची असेल. बेरजा बरोबर करायची, टँकरच्या रांगेत नंबर लावायची, फक्त तोंड उघडायची नाही. तिचे आजोबा तिला रोज सोडायला यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "ही ढिगाऱ्यातनं आपली आपण भायेर आली, बाई. हिच्या मायीला दुसऱ्या दिशी काढलं. तवापासून बोलंना झाली. शाळंत तरी बोलंल म्हणून आणून सोडलो."

हिला बोलती करायचीच, असं मी मनाशी ठरवलं. खरं सांगायचं तर त्यात तिची काळजी होती तेवढीच माझी हौसही होती.

दोन महिने मी रोज तिच्यापुढे कागद ठेवला आणि कोराच उचलला. मग एक दिवस तिनं हिरवा खडू घेतला आणि झाड काढलं. झाडाशेजारी घर, घराला दार, दाराला कडी. मला आनंद आवरेना. शिबिरातलं सगळं विसरले आणि वाकून म्हणाले, "छान. आता आईला काढ."

'आईचं चित्र' म्हणायला हवं होतं. घाईत एक शब्द गाळला.

तिनं खडू खाली ठेवला आणि दोन्ही हात पालथे करून माझ्यापुढे धरले. दोन बोटांची नखं वाकडी उगवली होती.

"लई दगडं होते, बाई," ती म्हणाली. "म्या काढीतच होते. मोठा दगड हाललाच न्हाई."

इतक्या महिन्यांनी ती बोलली, आणि मला ऐकवत नव्हतं. गावात त्या दिवसांत 'काढणं' या शब्दाला दुसरा अर्थच उरला नव्हता. कुणाला कधी काढलं, कुणाच्यातले किती काढले, हेच लोक बोलत. मीही रोज ऐकत होते आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"अगं, चित्र म्हणत होते मी. चित्र."

तिनं खडू उचलून माझ्या हातात दिला.

"तुमी काढा."

मी तिच्या आईला कधी पाहिलं नव्हतं. फोटोही उरला नव्हता. पण नाही म्हणवेना, म्हणून काढायला घेतलं. गोल चेहरा, कुंकू, डोक्यावरून पदर. ती एकेक रेघ निरखत होती. "ही न्हाई," म्हणाली. दुसऱ्या कागदावर मी चेहरा उभट केला. "ही बी न्हाई." तिसऱ्या कागदावर नुसता पदर काढून मी थांबले. यापुढे काय करायचं ते वहीत लिहिलेलं नव्हतं.

"मला नाही गं जमत," मी म्हणाले.

तिनं तिन्ही कागद जुळवून दप्तरात ठेवले. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि ती घागर घेऊन गेली. मी खोलीवर जाऊन रडले, तिच्यासाठी आणि माझ्या मूर्खपणासाठीही. डॉक्टरबाईंना पत्र लिहायला बसले, पण 'आता काय करू' याच्या पुढे काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच आजोबा आले.

"पोरगी काल घरी बोलली, बाई," ते म्हणाले. "भाकर खाता खाता बोलली."

"काय बोलली?"

"म्हणली, आबा, बाईला बी काढता आली न्हाई."

ते डोळे पुसत होते आणि माझे उपकार मानत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्यात ती आली, रोजच्या जागी बसली आणि दप्तरातून एक कोरा कागद काढून तिनं माझ्यापुढे सरकवला.