इनोसंट माणसाचा अर्ज

विषय : 'इनोसंट' या इंग्रजी शब्दाचा अर्थ व उगम.
संदर्भ : शिपाई बाबाराव यांचा कामावर परत घेण्याबाबतचा अर्ज.

ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्याच्या आमच्या ऑफिसात हा शब्द शिरला आणि फायलींबरोबर त्याचे किस्सेही साचत गेले. फायलींना निदान वाळवी तरी लागली!

* * *

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीची जत्रा. जाम नदीच्या अल्याड पांढुर्णा, पल्याड सावरगाव, मधे दगड. बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्यांचा चहा घेऊन साहेबांनी बाबारावला काठावर पाठवलं. पल्याडून दगड आला, डावा डोळा गेला. आठवड्यात सस्पेंड! आरोप : ड्युटी सोडून दगडफेक.

काठभर लोकांनी पाहिलं होतं. पण गोटमारीत कोणी कोणाचं नाव घेत नाही. दगड कोणी फेकला ते सांगत नाहीत, कोणी नाही फेकला तेही सांगत नाहीत.

* * *

सौंसरहून बदलून आलेल्या नव्या साहेबांनी बाबारावला निरखून पाहिलं. म्हणाले, "ही लुक्स इनोसंट!"

बाबाराव खूश. बाहेर बडेबाबूंनी त्याला जमिनीवर आणलं, "काऊन हसून राहिला बे? साहेब तुले भोळसट म्हणून राहिले!"

* * *

मग बडेबाबूंचा सल्ला, "जामसांवलीच्या मारुतीसमोर शपथ घे. साहेब मानतील."

मी विचारलं, "आणि ज्यानं आरोप केला, त्यानं?"

"त्याले कामं हायेत!"

* * *

मी डिक्शनरी काढली. शब्द मुळात लॅटिन. 'इजा करणे', त्याला नकार जोडलेला. ज्यानं कोणाला इजा केली नाही, तो इनोसंट. बाबारावला वाचून दाखवलं.

"बाबूजी, ज्याले इजा झाली त्याच्यासाठी काय लिवलं हाय?"

"काही नाही."

"मंग पुस्तक सरकारीच दिसते!"

* * *

शेवटी साहेब जरा विरघळले. "दगड कोणी मारला, तेवढं नाव सांग. तो दोषी ठरला की तू इनोसंट. उद्यापासून ड्युटीवर ये."

बाबारावनं खिडकीबाहेर पाहिलं. एका डोळ्यानं त्याला सायकल जमेना, म्हणून सावरगावचा साळा चौकशीच्या दर तारखेला नदी ओलांडून यायचा, त्याला डबलसीट आणायचा. आत कधी आला नाही. कडुलिंबाखाली बसायचा, ऑफिसकडे पाठ करून.

"नाही दिसलं साहेब," बाबाराव म्हणाला. "ज्या डोयानं पाह्यलं, तो तर गेला."

मी रिटायर झालो. अर्ज प्रलंबित आहे.